झोपलेल्या माणसाचा फोटो

आईचा तो फोटो मी काढला तेव्हा बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि खोलीत एअर बेडच्या पंपाची घरघर चालू होती. ब्युरोतून येणाऱ्या मावशी स्वयंपाकघरात जेवत होत्या. आईचा डोळा नुकताच लागला होता. कवळी शेजारच्या स्टुलावर, स्टीलच्या वाटीत, पाण्यात. केस दोन महिन्यांपूर्वीच कापून टाकलेले, कारण अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचा गुंता व्हायचा आणि फणी लावली की ती कळवळायची. एके काळी तिचा अंबाडा एवढा मोठा असे की शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या मैत्रिणींच्या आया तिला हळूच विचारत, गंगावन लावता का हो? बाबा गेल्यावरही तिनं कुंकू सोडलं नव्हतं. ‘मी ते लहानपणापासून लावते, लग्नात मिळालेलं नाही,’ असं तिनं नातेवाइकांना ठणकावून सांगितलं होतं. त्या दुपारी मात्र तिचं कपाळ मोकळं होतं. सकाळी स्पंज करताना कुंकू पुसलं गेलं आणि पुन्हा लावायचं राहून गेलं. भाऊ कॅनडात, त्याचं कागदपत्रांचं काही अडकलेलं, निघता येत नव्हतं. व्हिडिओ कॉल लावला की आई भिंतीकडे तोंड करायची. चार दिवस त्याचे मेसेज येत होते, ‘ताई, एकदा तरी दाखव तिला.’ मी पायथ्याशी उभी राहिले, फोनचा आवाज बंद केला आणि एक फोटो काढला. एकच. पाठवला. दोन मिनिटांत त्याचं उत्तर आलं, ‘थँक्यू ताई.’ बाकी काही नाही.

त्याआधी मे महिन्यात, केस कापले त्याच दिवशी, आईनं हातातल्या आरशात स्वतःला बराच वेळ पाहिलं होतं. मग आरसा पालथा घालून माझ्याकडे न बघताच म्हणाली होती, ‘असा फोटो कुणी काढायचा नाही माझा. तूसुद्धा. गळ्याची शपथ आहे.’ आणि मी म्हटलं होतं, ‘नाही गं काढणार.’

फोटो काढल्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली. तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं पक्कं झालं म्हणून मी माळ्यावरची पुस्तकांची खोकी खाली काढली. तेहतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे खोकी बरीच. एका खोक्यात ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांचं ‘नॅचरल गुडनेस’ सापडलं. सव्वाशे पानांच्या आतबाहेरचं पुस्तक, पाठीला वाळवी लागायला थोडी बाकी. पहिल्या पानावर माझी सही आणि २००९. मी जमिनीवरच बसले आणि चाळायला लागले. मध्ये एका पानावर पेन्सिलीची उभी रेघ, दोनदा ओढलेली, आणि शेजारी समासात माझ्याच अक्षरात, ‘वर्गात सांगायचं’.

त्या रेघेशेजारची गोष्ट अशी. मिक्लुखो-माक्लाय नावाचा रशियन संशोधक एकोणिसाव्या शतकात मलाय बेटांकडच्या लोकांचा अभ्यास करत फिरत होता. त्याच्याकडे तिकडचाच एक सेवक कामाला राहिला, पण एका अटीवर. माझा फोटो कधीही काढायचा नाही. फोटोबरोबर आपल्यातलं काहीतरी जातं अशी त्या लोकांची समजूत होती. माक्लायनं कबूल केलं. पुढे एक दिवस तो सेवक गाढ झोपलेला असताना माक्लायला मोह झाला. त्या जमातीचा अगदी नमुनेदार चेहरा समोर, कॅमेरा हाताशी, आणि झोपलेल्याला कधी कळणारही नव्हतं. त्यानं फोटो काढला नाही. रशियन क्रांतिकारक क्रपोटकिननं आपल्या आठवणींत लिहिलेली ही हकिगत फूटबाईंनी उचलली आणि तिला प्रश्न लावला. न काढून त्यानं नेमकं काय केलं? काढला असता तर त्या सेवकाचं काय बिघडलं असतं? काहीच नाही. तरीही न काढणं बरोबर होतं आणि त्याला तसं वागायला भक्कम कारण होतं, असं त्या म्हणतात. का, ते पुढची कितीतरी पानं समजावत राहतात.

म्हणजे हे मी वाचलेलं होतं, त्याला दोनदा रेघ मारली होती. वर्गात सांगायचं ठरवून पोर्शन संपवण्याच्या घाईत कधीच सांगितलं नव्हतं. आणि त्या दुपारी आईच्या पायथ्याशी उभी असताना मला यातलं एक अक्षरही आठवलं नव्हतं. जमिनीवर बसल्या बसल्या माझे कान तापले. पासष्टीला आलेल्या बाईला वर्गात पकडलेल्या मुलीसारखं वाटलं.

तत्त्वज्ञान शिकलेल्यांनाही फूटबाईंचं नाव बहुधा एका ट्रामपुरतंच माहीत असतं. १९६७ मध्ये त्यांनी गर्भपाताच्या प्रश्नावर एक लेख लिहिला, त्यात काही ओळींचं ते उदाहरण आहे. ट्रामचा ताबा सुटलाय, चालकाला एवढंच करता येतं की या रुळावरून त्या रुळावर वळायचं. एका रुळावर पाच माणसं काम करतायत, दुसऱ्यावर एक. पुढे अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी त्याला ‘ट्रॉली प्रॉब्लेम’ असं नाव दिलं, खटका ओढणारा वाटसरू आणला, पुलावरून ढकलायचा लठ्ठ माणूस आणला, आणि मग ती ट्राम जगभर अशी धावत सुटली की आज ती बिनचालकाच्या गाड्यांच्या चर्चेत येते. फूटबाईंना मात्र त्यात कोडं घालायचं नव्हतं. चालकानं एकाकडे वळणं आपल्याला पटतं, मग पाच रोग्यांना वाचवायला एका धडधाकट माणसाला मारणं का पटत नाही, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांचं उत्तर असं की इजा न करणं ही एक जबाबदारी आणि मदत करणं ही दुसरी, आणि पहिली सहसा जड असते. चालकाला दोन्हीकडे इजाच करायची आहे, तेव्हा कमी इजा निवडावी. डॉक्टर मदतीसाठी इजा करतो, म्हणून तो चुकतो.

हे मी शिकवायचे ते ट्रामऐवजी लोकल घालून. माझ्या वर्गातली निम्मी मुलं कळवा, मुंब्रा, दिवा इथून यायची, रूळ त्यांच्या रोजच्या पायाखालचे. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते. म्हणाला, ‘मॅडम, पाच जण रुळावर काम करत असले ना, तर सहावा लांब उभा असतो. तो काम नाय करत. त्याच्याकडे शिट्टी असते आणि लाल झेंडा. गाडी दिसली की तो शिट्टी मारतो. तो कुठंय?’ मी म्हटलं, बाळा, या उदाहरणात तो नाहीये असं समजायचं. तो बसला, पण पटलं नसल्याचं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बाहेर पडताना पुन्हा थांबला आणि म्हणाला, ‘पण मॅडम, तो नसेल तर कोण वाकणारच नाय.’

हे वाक्य मी त्या वेळी हसून सोडून दिलं. आता वाटतं, पुस्तकातल्या त्या रेघेशेजारी जे समजावलेलं आहे ते त्यानं तीन सेकंदांत सांगितलं होतं. पाच माणसं मान खाली घालून, गाडीकडे पाठ करून पहारी चालवतात ती कुणाच्या तरी भरवशावर. तो सहावा कुणाला दिसत नसतो, त्याच्याकडे कुणाला बघायचंही नसतं. वाकता यावं म्हणून तर तो असतो.

फूटबाई स्वतःही या जागेवर फार उशिरा आल्या, हे मला त्यांच्याबद्दलचं सर्वांत आवडतं. त्या ३ ऑक्टोबर १९२०च्या आणि गेल्या त्या बरोबर नव्वदाव्या वाढदिवसाला, ३ ऑक्टोबर २०१०ला. आजोबा ग्रोव्हर क्लीव्हलंड, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. आईचा जन्म व्हाइट हाउसमध्ये झाला, सप्टेंबर १८९३ मध्ये. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं होतं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसूनही मला त्या शेजारी ठेवायला आवडतात. एवढ्या बड्या घरातल्या मुलीला शाळेत घातलं नाही. घरी गव्हर्नेस यायच्या, आणि त्यांनी इतकं कमी शिकवलं की ग्रीक आधी की रोमन आधी हेही आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्या पुढे सांगत. १९३९ मध्ये ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा घरोब्याच्या एका बाईंनी त्यांच्या आईचं सांत्वन केलं, की असू दे, ती हुशार दिसत तर नाही. आपल्याकडे पाच-सहा दशकांपूर्वी मुलगी एमए करते म्हटल्यावर बायका जे बोलत, ते थेट तिकडचंच. माझ्या आईला तर मॅट्रिकनंतर थांबवलं होतं. ती रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट वाचायची, आणि मी तत्त्वज्ञान घेतल्यावर तिनं एकदाच विचारलं, ‘त्यात पोट भरतं का, एवढंच सांग.’

युद्धाच्या काळात फूटबाई लंडनमध्ये अर्थशास्त्राचं काम करत होत्या, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या आयरिस मर्डॉक यांच्याबरोबर एका पोटमाळ्यावजा जागेत राहत होत्या. मग १९४५ आलं आणि छळछावण्यांची चित्रं थिएटरातल्या बातमीपटांत दिसायला लागली. ती पाहून आपण आपल्या शिक्षकांकडे, डोनाल्ड मॅकिनन यांच्याकडे गेलो आणि आता पूर्वीसारखं काहीच राहणार नाही असं म्हणालो, ही आठवण त्यांनी उतारवयात सांगितली. त्या वेळी ऑक्सफर्डमध्ये नीतिशास्त्राचा सूर असा होता की ‘हे वाईट आहे’ म्हणजे ‘मला हे नापसंत आहे, तुम्हीही नापसंत करा’. बाकी जगात वाईट नावाची गोष्ट शोधून सापडणार नाही. फूटबाईंना हे गिळता आलं नाही. छावणी चालवणाऱ्याला काय सांगायचं मग? की तुमची आवड वेगळी, आमची वेगळी? त्यांची, एलिझाबेथ अँस्कम यांची, मर्डॉक आणि मेरी मिजली यांची विद्यार्थिदशा त्याच युद्धकाळातली. पुढे समरव्हिलमध्ये शिकवायला लागल्यावर फूटबाई आणि अँस्कम रोज जेवणानंतर वाद घालत बसायच्या. एक नास्तिक, दुसरी कट्टर कॅथलिक. फूटबाईंच्या लिखाणात अँस्कमचे उपकार पानोपानी कबूल केलेले आहेत. शब्द देणं म्हणजे काय, हा विचारही मुळात अँस्कमचा.

फूटबाईंच्या १९५८च्या लेखांत एक साधी गोष्ट आहे. तासातून तीनदा हाताची बोटं एकमेकांत गुंफणं हे सत्कृत्य आहे, असं कुणी म्हणालं तर आपण त्याचं मत वेगळं आहे असं म्हणत नाही, आपल्याला तो काय बोलतोय तेच कळत नाही. म्हणजे ‘चांगलं’ हा शब्द कुठेही चिकटवता येत नाही. त्याला माणसाच्या भल्याबुऱ्याशी नातं दाखवावं लागतं. एवढं म्हणून त्या थांबल्या नाहीत आणि पुढे स्वतःच अडकल्या. १९७२ मध्ये त्यांनी लिहिलं की एखाद्याला दुसऱ्याच्या भल्याची फिकीरच नसेल, तर तो दुष्ट म्हणता येईल, पण तर्काला सोडून वागतो असं म्हणता येणार नाही. सद्गुणांच्या सैन्यात आपण सक्तीनं भरती झालेले नसतो, स्वयंसेवक असतो. मला हे वाक्य विशीत फार भव्य वाटायचं. नंतर फूटबाईंनी ते चुकलं म्हणून मागे घेतलं, जाहीरपणे, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं ते शोधायला जवळजवळ तीस वर्षं लावली. मधल्या काळात १९६९ मध्ये समरव्हिलची कायमची जागा सोडून त्या अमेरिकेत फिरत्या राहिल्या, १९७६ ते १९९१ लॉस एंजेलिसला शिकवलं, ऑक्सफॅम या गरिबी-उपासमारीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या कामात सुरुवातीपासून हात घातलेला होताच. सलग लिहिलेलं त्यांचं हे पहिलं पुस्तक २००१ मध्ये निघालं, ऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर. मी भयंकर सावकाश विचार करणारी आहे, फक्त महत्त्वाचं काय याचा वास मला लागतो, असं त्या मुलाखतीत म्हणाल्या होत्या. रोज उठून मत द्यायच्या या दिवसांत एक बाई एका प्रश्नापाशी पन्नासएक वर्षं बसते, मध्ये स्वतःलाच खोडते, हे मला देवळात गेल्यासारखं वाटतं.

आणि तीस वर्षांनी त्यांना जे सापडलं ते झाडाच्या मुळात.

खरंच मुळात. ओकचं झाड उंच आणि जड असतं, म्हणून त्याला खोल, भक्कम मुळं लागतात. जमिनीलगत पसरणाऱ्या वेलीला ती लागत नाहीत. तेव्हा ‘या ओकची मुळं वाईट आहेत’ हे बोलणाऱ्याचं मत नव्हे, ते त्या झाडाबद्दलचं सत्य आहे. कळपानं शिकार करणाऱ्या लांडग्यांत आयतं खाणारा लांडगा, मकरंद सापडूनही नाचून न सांगणारी मधमाशी, यांच्यात काहीतरी बिघडलेलं असतं. माणसाचंही तसंच, म्हणतात फूटबाई. माणसाचं जगणंच असं आहे की एकमेकांच्या शब्दावर विसंबल्याशिवाय त्याला मुलं वाढवता येत नाहीत, म्हातारं होता येत नाही, झोपताही येत नाही. म्हणून शब्दाला न जागणारा माणूस हा सदोष माणूस, जसं मूळ धड नसलेलं झाड सदोष. बघणारं कुणी आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

मला हे वाचून समजलं नव्हतं, पाहिल्यावर समजलं. आमच्या खिडकीखाली एक जुना गुलमोहर होता. आई गेली त्या पावसाळ्यातच, जूनच्या शेवटी, पहाटे पावणेपाचला मोठा कडकड आवाज झाला आणि तो आडवा झाला. दोन स्कूटर चेपल्या, वीज गेली, एअर बेडचा पंप बंद पडला म्हणून आम्ही धावपळ करत होतो. आईनं अंथरुणातून विचारलं, ‘गुलमोहर ना?’ मी म्हटलं, हो, पाऊस केवढा झाला रात्री. ती म्हणाली, ‘पावसानं नाही पडला तो.’ उजाडल्यावर खाली गेले. करवतवाले आले होते, ओल्या लाकडाचा आंबूस वास सुटला होता. बुंध्याच्या बुडाशी मुळांचा पसारा असायला हवा तिथे एक चौकोनी ढेकूळ होतं, जणू कुंडीतून उपटून काढलेलं. रस्त्याच्या बाजूची जाड मुळं सरळ रेषेत कापलेली, कापल्या जागा जुन्या, काळ्या पडलेल्या. दुसऱ्या बाजूनं बारीक मुळं काँक्रीटला आपटून मागे वळलेली, एकमेकांत गुंतून दोरखंडासारखी झालेली. करवतवाल्यानं चपलेनं त्यांना हलवून पाहिलं आणि म्हणाला, ‘याला मूळच नव्हतं धड. उभा होता तेच नवल.’ वर येऊन आईला सांगितलं तर तिला आश्चर्य वाटलं नाही. आदल्या उन्हाळ्यात रस्ता खणला तेव्हा ती दिवसभर खिडकीत बसून असायची. तिनं मुळं तोडताना पाहिली होती. त्यानंतरही गुलमोहर फुलला होता, नेहमीसारखा लालभडक, आणि मी त्याचा फोटो काढून भावाला पाठवला होता.

त्या दुपारच्या फोटोबद्दल मी स्वतःशी बरेच युक्तिवाद केले आहेत, शिकवणं हाच धंदा असल्यामुळे ते मला पटकन सुचतात. आईला इजा झाली नाही. भावाला फार मोठा आधार मिळाला. शपथ घालताना तिच्या मनात ‘कुणी’ म्हणजे भाऊ नसणार, शेजारपाजार आणि नातेवाईक असणार. यातला शेवटचा युक्तिवाद मी सर्वांत जास्त वेळा केलाय, आणि तोच सर्वांत खोटा आहे, कारण ती ‘तूसुद्धा’ म्हणाली होती. मदत आणि इजा यांचं वजन करणाऱ्या त्या १९६७च्या लेखात मला सुटका मिळेल असं वाटून मी तो पुन्हा वाचला. मिळाली नाही. त्यातली माणसं निदान गाडी आली तर बघू शकली असती. आई तर झोपली होती. माझ्यासमोर कवळी काढून, कुंकवाशिवाय, तोंड उघडं टाकून ती झोपू शकत होती, कारण मी ‘नाही काढणार’ म्हटलं होतं.

भाऊ या जुलैत आला, वर्षश्राद्धाला. कार्य आटोपल्यावर आम्ही दोघंच अर्ध्या बांधलेल्या खोक्यांमध्ये बसलो होतो. त्यानं पाकीट उघडून दाखवलं. तो फोटो त्यानं छापून घेतलाय, कडा आता मऊ पडल्यात. म्हणाला, ‘ताई, त्या अकरा दिवसांत मी हा समोर ठेवून जेवायचो. हा नसता तर माझं काय झालं असतं मला माहीत नाही.’ मला वाटलं, आता बोलू नये. मग वाटलं, न बोलणं म्हणजे तिच्या पाठीमागे पुन्हा एकदा तेच करणं. मी त्याला मे महिन्यातली ती दुपार सांगितली, पालथ्या घातलेल्या आरशासकट.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘नेमकं काय म्हणाली होती ती?’ मी पुन्हा सांगितलं, तिच्याच शब्दांत, तिच्यासारखं खाली बघून. त्यानं विचारलं, ‘मग मी हा ठेवू, की काय करू?’

मला सांगता आलं नाही. तो परत गेला तेव्हा फोटो पाकिटातच होता. माझ्या फोनमधलाही मी पुसलेला नाही. उघडतही नाही, पण त्यात काय आहे ते न उघडता सांगू शकते. डावीकडे कोपऱ्यात वाटी आली आहे, आणि पांघरुणाबाहेर आलेला तिचा उजवा हात, तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली.